दोन अक्षरांचा शब्द

गॉर्ट गावात, पॅरिश हॉलमधल्या मोडक्या खुर्चीवर,
दर मंगळवारी
मी इंग्रजीचे छोटे शब्द शिकते.
मोठे शब्द सोपे, मोठ्या जनावरासारखे;
कुठे कापायचं ते दिसतं.
छोट्यांत हाड कुठे आहे, सुरी अडेपर्यंत कळत नाही.

आमच्या पोर्तुगीजमध्ये एक 'एं' पुरतं.
गावात एं, खुर्चीवर एं, बसथांब्यापाशी एं.
एकाच सुरीवर सगळं घर चालतं.
इथे प्रत्येक कामाला वेगळी,
आणि चुकीची उचलली की
नूला लिनन बाई चष्म्यावरून बघतात.
रागावत नाहीत.
बसला ऑन, मोटारीला इन, का?
"का नसतं, झेनाईद," म्हणतात,
"बसून घे आधी."

त्या मंगळवारी ॲट होता.
बघण्यापुढे ॲट, हसण्यापुढे ॲट, बोट दाखवण्यापुढे ॲट.
नवा बूट मूल झोपतानाही काढत नाही,
तसा मी तो घालून हिंडले.

गुरुवारी रोमिल्दोने धार लावायची सळई
माझ्याकडे टाकली. मीच मागितली होती.
ग्लोव्ह चरबीने ओला, सळई निसटली,
भुवईला दोन टाके.
मग फॉर्म आला: काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
स्वतःचे शब्द तिथे चालणारे नव्हते,
म्हणून त्यांचेच घेतले.
रोमिल्दोने सळई फेकली, असं लिहिलं,
आणि स्वतःच्या आधी ठेवला ॲट,
मोठ्या, गोल अक्षरांत.
स्पेलिंग एकही चुकलं नाही.

शुक्रवारी त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही.
पहिल्या हिवाळ्यात ज्याने मला
अंगठा पात्यामागे ठेवायला शिकवलं, त्याचं.
मला वाटलं, आजारी असेल.

पुढच्या वर्गात मी हे सहज सांगितलं,
वाक्य नीट जमलं म्हणून थोड्या तोऱ्यातच.
नूलाबाईंनी मार्करला टोपण लावलं.
टू फेकतात ते समोरच्याने झेलावं म्हणून.
ॲट फेकतात ते त्याला लागावं म्हणून.
त्यांनी फळा पुसायचं डस्टर टू टाकलं. मी झेललं.
ॲट त्यांनी करून दाखवला नाही.

ऑफिसात जाऊन मी ॲट खोडला, टू लिहिलं.
दोन अक्षरं गेली, दोन आली,
जागासुद्धा तेवढीच लागली.
मिस हेनिहनने पेन खाली ठेवलं.
तू अंडर प्रेशर आहेस का?
अंडर मला येत होता:
पुलाखाली, टेबलाखाली, पलंगाखाली मांजर.
मी मान वर करून पाहिलं.
वर फक्त ट्यूबलाइट होती.
नो म्हटलं.
तिने पुन्हा विचारलं, तेव्हा वाटलं नो चुकलं असेल,
म्हणून येस म्हटलं.
तिने दोन्ही लिहून घेतली.

मार्च संपत आला. एका गुरुवारी
फिन्टन मुकादम पट्ट्यापाशी येऊन म्हणाला,
रोमिल्दो गेला. फॉर गुड.

फॉर माझा पक्का आहे.
आईसाठी शाल, बाळासाठी दूध.
गुड तर पहिल्याच दिवशी शिकवतात,
सकाळच्या आधी लावायला.
भल्यासाठी गेला!
डब्लिनला असेल, कोरड्या कुठल्यातरी कामावर,
जिथे हात गारठत नाहीत.
मी फिन्टनचा हात दोन्ही हातांत धरला,
थँक यू म्हटलं, पुन्हा म्हटलं,
आणि तो बघत राहिला.
माझ्याकडे. ॲट.

रविवारी मी चीजचे पाव भाजले,
जिन्यावरच्या चारही दारांत वाटले.
कशाचे, असं कुणीतरी विचारलं.
फॉर गुड, मी सांगितलं.

फॉर गुड म्हणजे कायमचा,
हे मंगळवारी कळणार होतं.

पाच दिवस मी खूश होते.