किती?

दर तीन महिन्यांनी मिरजेत, डाव्या कुशीवर.
तबस्सुम गार जेल लावते.
सपाट जागेवरून, टाक्यांच्या रेघेवरून
तिचं यंत्र सरकतं.
"आता चित्र साफ येतं, काकी," म्हणाली एकदा,
आणि जीभ चावली.
मी हसले. खरंच की,
आडवं यायला उरलंय काय.

पडद्यावर झडपा उघडतात, मिटतात,
कोंबडीच्या पापणीसारख्या.

एका ठोक्यात किती टक्के रक्त ढकललं जातं, तो आकडा.
चौसष्ट होता पहिल्यांदा. मग अठ्ठावन्न.
गाठीवरचं औषध जाता जाता
हृदयालाही चाटून जातं म्हणे.

आम्ही सांगलीवाडीची माणसं,
आकडा ऐकून झोपणारी.
पुराच्या दिवसांत रात्री दोनला उठून विचारतो,
आयर्विनला किती फूट?
चाळीसला गाद्या माळ्यावर,
पंचेचाळीसला म्हैस दावणीतून सोडायची.
तिथं चढलं की भीती,
इथं उतरलं की.

परवा एकोणपन्नास.
डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन थांबवू,
दीड महिना गोळ्या, मग परत इको.
गाठीनं तोवर काय करायचं
ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

बाहेर येऊन फोन लावला.
ह्यांचं हॅलो नाही, काही नाही,
"किती?"
"एकोणपन्नास."
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"कोयनेतून सोडलंय किती?"

स्टँडपर्यंत हसत गेले मी.
बसची पायरी चढताना धाप लागली,
ती हसण्याची की कशाची,
तेवढं तबस्सुमला विचारायचं राहिलं.