डावी बाही

बेदाण्याच्या शेडमध्ये ते आणलं, ट्रॉलीतून,
पंख वेगळे, उसासारखे दोरीनं आवळलेले.
द्राक्षं संपली होती, जाळ्या मोकळ्या,
खाली फरशी अजून चिकट, मुंग्या.
इलाही शिकलगार म्हणाला, हे पुष्पक.
कवलापूरच्या पट्टीवर शिकाऊ पोरांनी
घिरट्या घालायला वापरलेलं.
लढाई याला माहीत नाही.
आता याला लढाईत घालायचंय.

कमिटीचं म्हणणं, चौकात तोफ कुणीही ठेवतं.
आपण विमान ठेवू.
पासष्ट साली वरून तोफांना नेम सांगायचं,
तसलं.

मला बोलावलं कापडासाठी.
मी कुपवाडची, शाळेचे गणवेश शिवते,
जूनमध्ये तीनशे चड्ड्या.
विमान कापडाचं असतं
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

पंखातलं लाकूड एका टोकाला कुजलेलं.
मिरजेहून अल्ताफ सतारमेकर आले,
बोटानं टकटक करत, कान लावून सरकत गेले.
इथपर्यंत बोलतंय, म्हणाले,
इथून पुढं मुकं.
मुकं तेवढं कापलं, नवं जोडलं,
चहा घेतला नाही, बस गाठायची होती.

मग पंख कडेवर उभा केला.
हातभर दाभण, मेणातला दोरा,
अडीच इंचाला टाका, टाक्याला गाठ.
मी इकडून घालायची,
शिकलगारनं तिकडून परत पाठवायची.
चार दिवस आम्ही पंखाआडून बोललो
तोंड न बघता.
बायको गेल्यावर तो बटणं लावायला शिकला
हे त्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं,
आणि सुई जरा उशिरा आली.

डोप लावल्यावर कापड आपसूक आक्रसलं.
नखरंगाचा वास, डोकं गरगर,
भरून आलेल्या शेडमध्ये
पंख ढोलासारखा तट्ट.

भूपाल पेंटरनं, जो ट्रॉल्यांवर मोर काढतो,
सगळ्यावर शेवाळी रंग फिरवला.
जुनी इंग्रजी अक्षरं दोन हात खाऊनही
वर येत होती, तिसऱ्याला बुडाली.
लग्नाची परात पालथी घालून
त्यानं गोल आखला,
केशरी बाहेर, मध्ये पांढरा, आत हिरवा,
आणि मागं सरून बघत म्हणाला,
एक मोर बसला असता हो शेपटीवर.

अध्यक्ष आले. छान, म्हणाले.
आता दहाबारा गोळ्यांची भोकं पाडा,
वर ठिगळं लावा. जिवंत वाटेल.
मी कात्री पिशवीत टाकली.
शिकलगार पान्याला तेल लावत राहिला,
पान्याला तेलाची गरज नव्हती.

भोकं कुठं पाडायची ते विचारायला
सुभेदार नाईकबा पाटोळे आणले,
तोफखान्यातले, नव्वदीला टेकलेले.
ते काठी टेकत फेरी मारून आले.
मागची काच मोठी होती, म्हणाले.
चाकं अशी नव्हती.
बाकी हाय बरं.
आणि भोकं, आबा?
भोकं पडलेलं
परत आलं न्हाई, म्हणाले.

कुणी काही बोललं नाही.
त्यांनी नखानं पंखावर टिचकी मारली,
कलिंगड बघावं तशी,
परत मारली.
आम्ही कायम खाली, म्हणाले,
ह्यो आवाज कधी ऐकलाच न्हवता.

मागची काच मोठी केली.
इंजिन काढून भंगारात दिलं,
चाकं सिमेंटात.
आता चौकात पोरं फोटो काढतात,
युद्धातलं आहे, एक दुसऱ्याला सांगतो.
मी भाजी घेऊन उभी असते, दुरुस्त करत नाही.
कृष्णेकडून वारा सुटला की
टाके आतल्या आत गुणगुणतात,
सिमेंट धरून ठेवतं.

शेवाळी रंगाच्या, परातीएवढ्या गोलाच्या आत
कापडाच्या उलट्या बाजूला
बेतताना गोंधळ नको म्हणून
मी खडूनं लिहिलं होतं, डावी बाही.
उजवीवर काही लिहिलं नाही.
डावी कळली की ती कळतेच.