ओळख पटवणारा

फोटो मिळेना.
सगळ्या सहलींचे फोटो सरांनीच काढलेले,
म्हणून एकातही सर नाहीत.
शेवटी एक सापडला, साक्रीकडच्या डाइकपाशी
बसच्या ड्रायव्हरनं भीत भीत बटण दाबलेला:
मळकी टोपी, हातोडा, उन्हानं बारीक डोळे.
स्टुडिओवाल्यानं आजूबाजूची माणसं कापली
तरी कडेला एक खांदा राहिला, निळ्या युनिफॉर्मचा.
'काढून टाकू का हा?'
राहू दे, म्हटलं.
माझाच आहे, हे नाही सांगितलं.

खुर्च्या मीच लावल्या, एकशे चाळीस.
मे महिना. टेकडीवर पंचेचाळीस अंश,
खाली गिरणेचं पात्र पांढरं पडलेलं,
कूलरमध्ये तीन बादल्या पाणी.
कुलगुरू बोलले. शोधनिबंध बासष्ट, पीएचडी अकरा,
परिषदा, समित्या.
आकडे बरोबर होते, फाइल मीच काढून दिली होती.
झोपे या आडनावावरची कोटी,
जी प्रत्येक बॅचला वाटायचं आपणच पहिल्यांदा केली,
ती त्या दिवशी कोणी केली नाही.
फक्त नाव घेताना जो तो तिथं थोडा अडखळला.

दोन मिनिटं उभे राहिलो.
कूलर बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.
तो एकटाच बोलत राहिला
ओल्या वाळ्याच्या वासात.

मला बोलायला सांगितलं नव्हतं. बरोबरच आहे.
बोललो असतो तर काय,
की हा माणूस दगड जिभेनं चाखायचा?
आत माती असली की जिभेला धरते म्हणायचा,
'चाखी पाह्य भो धुडकू, घाबरू नको,
सहा कोटी वरीस झाले, कोनाले बाधला नही.'
की लेबल नसलेला नमुना
कोणाचाही असो, सरळ खिडकीबाहेर:
'गाव नही, तारीख नही, उचलनाऱ्याचं नाव नही,
मंग तो नमुना कसा? तो रस्त्यावरचा धोंडा.'
एकदा डीनसाहेबांच्या मुलाचा गेला.
एकदा स्वतःचा.

हारांची रांग सरकत होती.
धडगावकडची रोशनी वळवी, आता भूजल खात्यात,
पुढे आली, रुमालाची गाठ सोडली
आणि फोटोपुढे मुठीएवढा दगड ठेवला.
त्याला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा:
काकाची विहीर, खोली बावन्न फूट,
तारीख,
रोशनी बी. वळवी.
शाईच्या पेनानं, सरांना लागायचं तसं.
कोणी तरी पुटपुटलं, हे काय आता.
आणि मागच्या रांगेत सावद्याचा तो केळीवाला,
सरांच्या पेपरात तीनदा नापास झालेला,
पदवी सोडून गेलेला,
मोठ्यानं रडायला लागला.

संध्याकाळी हॉल झाडला. दगड लॅबमध्ये आणला.
नोंदवहीत पुढचा नंबर टाकला, चार हजार सातशे अठरा.
गाव लिहिलं. खोली लिहिली. उचलणारीचं नाव लिहिलं.
शेवटचा रकाना: ओळख पटवणारा.
एकोणतीस वर्षं तिथं एकच अक्षर यायचं, झो,
खाली घाईची रेघ.
पेन धरून बसलो.
मग इकडे तिकडे पाहून दगड जिभेला लावला.
खारट.
विहिरीचा असेल, नाही तर रुमालाचा.
मला काय कळतंय त्यातलं.
रकाना कोरा ठेवला.

लॅबला कुलूप लावून मागे वळसा घातला, खिडकीखाली,
जिथं एकोणतीस वर्षांचे बिननावाचे दगड पडलेत,
पोरांचे, डीनच्या मुलाचा,
त्यांचा कोणता ते मला माहीत आहे.
बाभळीच्या शेंगा पडलेल्या. एक सरडा.
अंधार पडला होता तरी
दगड अजून गरम होते.
चप्पल काढून
त्यांच्यात जरा बसलो.