पक्षी की ढाल

रोज पहाटे, दोर सोडायच्या आधी,
मी पाच पेसोचं नाणं उडवायची.
एका बाजूला न्यांदू, धावणारा, उडता न येणारा पक्षी.
दुसऱ्या बाजूला देशाची ढाल.
पक्षी पडला तर पताका बांधायच्या:
बोटीच्या मागच्या खांबावरून लांबच लांब दोरी,
तिला लाल-पिवळ्या पट्ट्या,
वाऱ्यात अशा फडफडणाऱ्या
की अल्बाट्रॉस बिचकावेत, आमिषापासून चार हात दूर राहावेत.
ढाल पडली तर
काहीच बांधायचं नाही.

कप्तान वॉशिंग्टन लार्राउरा
नळीनं माते ओढत म्हणायचा,
"पोरी, बुजगावण्याला पाखरं भितात
हे माझ्या आजोबालाही कळत होतं,
आणि त्याला सही करता येत नव्हती."
मी म्हणायची, मंत्रालयात आजोबा चालत नाहीत.
मालक लोक विचारतील,
त्या दिवशी वारा पडला होता का?
चांदणं होतं का? मुळात पक्षीच कमी नव्हते कशावरून?
म्हणून नाणं.
त्याला कुणाची दया येत नाही,
म्हणून त्याची साक्ष ग्राह्य.

मग दोर सुटायचा. हजार गळ,
एकेकाला एक माकूल.

संध्याकाळी ओढताना मी मोजायची.
मेल्यावर त्यांचे पंख मिटत नाहीत,
मिटवावे लागतात, मोडक्या छत्रीसारखे,
एका माणसाला जमत नाही.
स्वयंपाकी विल्मार एक बाजू धरायचा.
काळी भुवई ओली, चोचीत गळ,
आणि अंगाला तेलकट, जुन्या कपाटासारखा वास.
मी लिहायची:
पताका नाही. वारा नैर्ऋत्य, अठरा नॉट. मृत सात.
"सात" लिहायला
"शून्य" लिहिण्याइतकाच वेळ लागतो.

एकतिसाव्या दिवशी ढाल पडली.
बोटीभोवती पाणी पांढरं झालं होतं पक्ष्यांनी,
कित्येक पहिल्याच हिवाळ्याचे, चोची अजून करड्या,
पंगतीला बसल्यासारखे शांत.
विल्मार माझ्या तळहाताकडे बघत होता.
मी अंगठ्यानं नाणं पालथं केलं.
"पक्षी," म्हटलं.

पताका फडफडल्या.
संध्याकाळी दोरावर ट्यूना, दोन शार्क,
एक कासव, तेही जिवंत, सोडून दिलं.
पक्षी एकही नाही.
विल्मारनं रश्शात प्रत्येकाला एक अंडं जास्त टाकलं,
कुणी कारण विचारलं नाही.

रात्री वही उघडली. शून्य लिहिलं.
बराच वेळ त्या शून्याकडे बघितलं;
इतकं सुंदर, आणि चोरीचं.
मग पट्टी ठेवून, सरळ रेघ मारून, शेरा लिहिला:
नाणं निरीक्षकानं फिरवलं. दिवस बाद.

माँतेविदेओला प्राध्यापक एचार्त
वही वाचून काही बोलल्या नाहीत.
चष्मा काढून फक्त विचारलं,
"एवढा एकच दिवस ना, निदिया?"
आणि बाकीच्या एकावन्न दिवसांवर
सावली पडली, मीच पाडलेली.
मी हो म्हटलं. खरंच एकच होता.
पण माझ्या "हो"ला
आता नाण्याइतकी किंमत नव्हती.

बेरीज तरीही बोलली:
पताका नसताना चौसष्ट. असताना पाच.
दोन हिवाळ्यांनी नियम आला,
आता प्रत्येक बोटीच्या मागे पट्ट्या नाचतात.
कप्तान भेटेल त्याला सांगतो,
"मी म्हटलंच होतं."
म्हटलंच होतं त्यानं.
पण त्या चौसष्टांनी मरेपर्यंत
त्याचं कुणी ऐकलं नाही, हेही तितकंच खरं.

अहवालात ते चौसष्ट अर्ध्या ओळीत मावतात.
एकतिसाव्या दिवशी जे उडून गेले
ते कुठल्याच तक्त्यात नाहीत.
कुठे असतील, असतील का,
आज त्यांच्या चोची पिवळ्या झाल्या असतील का,
याबद्दल माझ्याकडे काहीही पुरावा नाही.

नाणं मी ला पालोमाच्या बेकरीत खर्चून टाकलं,
दोन गोड पावांच्या पैशात.
काउंटरवर ठेवताना
कुठली बाजू वर आली
ते बघितलं नाही.