वहीच्या मागच्या पानांवर

विडी शाखेची जुनी वही.
पुढून पानं तंबाखूच्या वजनाची,
मागून आम्ही गल्ली लिहिली.

पलीकडच्या पेठेत कारखाना जळाला त्या रात्री
बंब आला होता,
गल्लीच्या तोंडाशी अडकून
नुसताच ओरडत राहिला.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी,
कधी सहाव्या, तेही रात्री दोनला.
म्हणून पहिला प्रश्न तोच :
आज कुणाचं बॅरल भरलेलं?
राजमणी चिप्पा, दोन. एक गळतंय.
शमशादबी नदाफ, हौद. वर शिलाई मशीन.
"सरकवते की," म्हणाली,
"हौदाला काय, मशीनच जड हाय."

मग चालता न येणारे.
हत्तुरे अण्णा भडकले :
"मी काय कपाट हाय का बे, उचलून न्यायला?"
सून गप्प बसली.
दिवेलागणीला दारात येऊन हळूच सांगून गेली :
वजन बासष्ट किलो,
डाव्या गुडघ्याला हात लावू नका.

स्ट्रेचर कुठनं आणणार?
सेकंडच्या मालातली चादर काढली,
मोराच्या डिझाइनची, एक किनार उसवलेली.
चार कोपरे, चार बायका.
आधी बोल्लींच्या पोराला झोपवून बघितलं,
तो इतका हसला की
दोनदा खाली ठेवावा लागला.

शनिवारी रात्री दहाला ताटली वाजवली.
सगळे मारुतीच्या पारापाशी,
अण्णासुद्धा, चालत, मुद्दाम.
राजमणी मोजायला लागली,
ओकटी, रेंडू, मूडू,
पंचवीस झाले की एक कट्टा.
तेलुगूत माणसं मोजायचे शब्द वेगळे असतात,
पण तीस वर्षं बोटांना सवय विड्यांची.
दोन कट्टे अन् अकरा.
वहीतही एकसष्ट.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
कुणीतरी चहा टाकला.

तेवढ्यात लाईट गेली.
कोपऱ्यावरचे माग थांबले,
थांबले म्हणूनच ऐकू आलं,
जाळीमागून, वरच्या खिडकीतून :
"अक्का, मला मोजलं का?"

रात्रपाळीचा पोरगा.
बाहेरून कुलूप, आठ वाजल्यापासून.
चावी शेठकडं, शेठ होटगी रोडला.
रोज त्या खडखडाटाखाली झोपतो आम्ही,
त्याच्या आत कुणी असतं
हे आम्हाला ठाऊक नव्हतं
असं म्हणता येणार नाही.

अंधारात राजमणी म्हणाली,
"इंका ओकरू."
अजून एक.
ह्या वेळी शब्द माणसाचा होता.

तीनदा जाऊन आलो चावीसाठी.
शेठ म्हणतात, बघू.

शेवटची ओळ माझ्या अक्षरात,
शाई जरा फुटलीय :
बासष्ट. सिद्राम, इंडीकडचा. वय विचारलं, हसला.
चावी : मागितली आहे.
तोवर पहार : बोल्लींच्या न्हाणीत, दारामागं,
उजव्या हाताला.