काय दिवे लावले

एकतीस वर्षं मी दिवे लावले
खोडेलीव्ह मार्टेन्सच्या नाचांना.
थोरला भाऊ दर नाताळला विचारतो,
काय दिवे लावलेस रे?
मी मोजून सांगतो: अठ्ठेचाळीस,
शिवाय एक पुठ्ठ्याचा चंद्र,
आत चाळीसचा बल्ब.

पहिला नाच गेंटमध्ये, बंद पडलेल्या धोबीखान्यात.
सात पुरुष, सात इस्त्र्या, एक सदरा.
सदरा कुणालाच मिळत नाही, एवढीच गोष्ट.
एकोणीस माणसं आली, त्यातली चार
आपले कपडे न्यायला.
पेपरात तीन ओळी आल्या.
तिसरी शेजारच्या बेकरीबद्दल होती.

नाचणाऱ्यांना ती हसू द्यायची नाही.
"हसू टाचेत ठेवा, ओठावर आलं की शिळं."
एकदा रंगमंचाच्या मधोमध केळ्याची साल ठेवली
आणि सव्वासहा फुटी विनॉकला तिच्याभोवती
चाळीस मिनिटं नाचवलं.
तो घसरला नाही.
मागे चालत आला, डोळे मिटून आला,
टीनेकेला खांद्यावर घेऊन आला,
बाल्कनीतली एक बाई किंचाळली, "अरे बाबा, पड एकदाचा!"
शेवटी खोडेलीव्ह वाकून नमस्कार करायला आली,
साल उचलली, खिशात घातली, गेली.

अनुदान समितीत तिघे होते.
"याला नृत्य म्हणायचं का?" अध्यक्षांनी कप उचलत विचारलं.
ती काही बोलली नाही.
खुर्चीतून उठायला लागली.
उठायला तिला नऊ मिनिटं लागली,
त्यातली दोन नुसती कोटाच्या बाहीत गेली.
कप तसाच हवेत.
त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा म्हणाली,
"बघा, तुम्हालाही येतं."
मंजूर झालं, पण अर्धंच.
म्हणून पुढचा नाच तिने एका पायावर बसवला.

नाचता येईना, अंगण वाकडं. लोक म्हणतात.
हिने सुतार बोलावून अंगणच वाकडं करून घेतलं,
मोजून बारा अंश.
त्यावर लग्नाची पंगत: टेबल, बशा, नवरी, दोन काका,
सगळं हळूहळू प्रेक्षकांकडे घसरतंय
आणि कुणी ते कबूल करत नाही.
मीठ मागतात, हवापाण्याबद्दल बोलतात, घसरतात.
ल्युब्लियानात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी
सुपाचा वाडगा अलगद झेलला
आणि पिऊन टाकला.
दुसऱ्या दिवशीपासून आम्ही सूप गरम ठेवायला लागलो.

तिची आई गेली ती उस्टेंडला, नोव्हेंबरात.
खांदेकरी सहा, उंची सहा तऱ्हेची,
पुढचा डावा लंगडा. वर समुद्राचा वारा.
पेटी होडीसारखी चालली होती.
खोडेलीव्हने हातमोजा दातात धरला होता.
तिचे खांदे हलत होते.
मी मागेच उभा होतो,
पण ते कसलं हलणं, मला कळलं नाही.

दोन वर्षांनी 'सहा माणसं, एक पेटी' बसवला.
पेटी जिथे कलते तिथे मी उजेड उतरवला होता,
शोभेल म्हणून.
ती तालमीतून उठून माझ्या टेबलाशी आली.
"वाढव. तिला अंधाराची भीती वाटायची."
त्या रात्री लोक हसले, मग एकेक जण गप्प होत गेला.
शेवटच्या रांगेत एकच माणूस शेवटपर्यंत हसत होता.
तिचे वडील.

आता तिच्या कमरेत पोलाद आहे.
गेल्या महिन्यात फोन आला:
"माझ्या वॉकरचा ब्रेक कुरकुरतो.
सुरात कुरकुरतो. एक दिवा घेऊन ये."

मी गेलो.
वृद्धाश्रमाचं जेवणघर, खुर्च्या भिंतीला रचलेल्या,
मटारच्या सुपाचा वास.
दोन आजीबाई स्वेटर न काढता प्रेक्षक झाल्या.
ती खिडकीपासून निघाली.
पाऊल. कुरकुर. पाऊल.
मध्येच थांबून तिने वॉकरलाच पुढे वाट दिली,
दारात पाहुण्याला द्यावी तशी.
एक आजी फस्सकन हसली, कवळी सावरली.

दारापाशी पोचून ती उभी राहिली
पाठमोरी, काहीही न करता.
माझं बोट बटणावर.
कधी विझवायचं,
ते ती अजून बोललेली नाही.