टोपली केवढी

दुपारी अडीचला हर्षला भोईर आली, कोपरीहून.
हेल्मेट टेबलावर ठेवलं, चिठ्ठी भरली,
'विषय'पुढे लिहिलं : मालकी.
म्हणाली, "आमच्या पणज्याचं मिठागर होतं. वाकडं आगर.
पुरावा पाहिजे."

पुरावा मी देत नाही.
मी खंड देतो, पान देतो,
आणि पान उलटताना थुंकी लावू नका, एवढं सांगतो.

आधी सूची.
'मीठ'खाली लिहिलेलं, 'खार पाहा'.
'खार'खाली झाडावर चढणारी खार, शेपटीसकट चित्र.
ती हसली. मीही, दर वेळेसारखा.
'आगर' शेवटी सापडलं एका अहवालाच्या परिशिष्टात,
वाळवीनं समास तेवढा खाल्लेला,
आकडे सोडलेले.

वाकडं आगर होतं.
खाडीच्या वळणाला, कोंड्या एकशे बारा.
मालकाच्या रकान्यात कुणी तिसराच,
राहणार गिरगाव.

तिनं बोट रकान्यावरून खाली नेलं, परत वर आणलं.
पोशा नामा भोईर कुठेच नव्हता.
अशा वेळी मी चष्मा पुसतो.
तीस वर्षांत काचा झिजल्यात.

खाली तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरांत :
मजुरी दर शंभर टोपल्यांमागे.
मजुरांची नावे दिलेली नाहीत.

वाटलं, आता उठेल. बरेच जण इथेच उठतात,
खुर्ची आत न सारता.
तळ्याकडून भेळवाल्याची घंटी आली, गेली.
मग ती म्हणाली,
"टोपली केवढी?"

असा प्रश्न आला की माझे गुडघे दुखायचे थांबतात.
स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून मापांचा कोश काढला.
शेर, पायली, मण, खंडी.
एका बंदराचा मण दुसऱ्या बंदराला पटत नाही.
'टोपली (मिठाची) : ओझे पाहा.'
'ओझे : माणसाला डोक्यावर पेलेल इतके.'

कुठल्या माणसाला, ते कोशात नाही.

तिनं मोबाइलवर गुणाकार मांडला,
शंभरावर बोट थांबलं.
"आजी सांगते, सासऱ्याची मान उजवीकडे कलायची.
झोपेतसुद्धा."

चिठ्ठी परत मागून घेतली.
'मालकी' खोडलं, शेजारी लिहिलं : मान.

पाचला दिवे घालवले.
तिचे खंड टेबलावर तसेच ठेवले, उघडे.
उद्या दोघांना मिळून
वैद्यकाचं कपाट उघडावं लागणार. किल्ली कुठेय, देव जाणे.